उजवा नॉब

टेबलावर या वस्तू होत्या: फिरवायचे नॉब दोन, दाबायचं बटण एक, लाल आकड्यांचे डिस्प्ले दोन, काडेपेटीएवढं प्रोसेसरचं बोर्ड एक, वायरी सोळा, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एक, पट्टीला पाडलेली गोल भोकं अकरा आणि चौकोनी खिडक्या दोन, स्क्रू नऊ. लागणार होते आठ. मी दोनदा मोजले. नववा कुठून आला ते कळेना. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "राहू दे. काहीही उघडून परत बसवलं की एक उरतोच. उरला नाही तर काळजी करायची."

या सगळ्याचा मिळून विमानाचा रेडिओ होणार होता. म्हणजे रेडिओ नव्हे, रेडिओचं तोंड. मामाच्या घरी मागच्या खोलीत त्याने दोन वर्षं खपून विमानाचं कॉकपिट बांधलं आहे: भंगारातल्या मोटारीची सीट, प्लायवूडचा सांगाडा, समोर तीन पडदे. विमान अर्थातच कॉम्प्युटरमध्ये उडतं. पण त्यातले कंट्रोल टॉवर मात्र खऱ्या माणसांचे असतात. जगभरातली हौशी मंडळी आपापल्या घरी बसून टॉवर सांभाळतात आणि वैमानिकाला सांगतात, आता अमुक फ्रीक्वेन्सीवर या. तो आकडा झटपट लावावा लागतो. मामा इतके दिवस तो माऊसने लावत होता, आणि माऊसने रेडिओ लावणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं, असं त्याचं मत होतं. त्याला नॉब हवे होते. पट्टी आणि नॉब त्याने स्वतः केले, कारण तो एकोणतीस वर्षं लेथवर धातू कातणारा टर्नर आहे. वायरी आणि प्रोग्रॅम माझ्याकडे आला, कारण मी फिजिक्स शिकते आहे आणि त्याची भाची आहे. तो मला 'प्रोफेसर' म्हणतो. मामी त्या खोलीला 'विमानतळ' म्हणते आणि केर काढायला आत जाताना "उतरायची परवानगी आहे का?" असं विचारते.

डावा नॉब दशांशचिन्हाच्या आधीचा आकडा बदलतो, उजवा नंतरचा. डाव्याने कधीच त्रास दिला नाही. त्याला थोडेच आकडे, तो सावकाश फिरतो. घोळ झाला तो उजव्याचा.

बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा एक खटका फिरवला की आकडा दोन-तीन घरं उड्या मारायचा, माझ्याही हातात आणि मामाच्याही. हा रोग मला माहीत होता. नॉबच्या आत धातूच्या बारीक पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि टेकताना जमिनीवर टाकलेल्या चेंडूसारख्या जराशा उसळतात. खटका एकच, पण प्रोसेसरला तो तीन-चार वेळा ऐकू येतो, कधी सुलटा, कधी उलटा. मी नॉब कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला आणि उसळी मोजली. सगळ्यात लांब उसळी चार मिलिसेकंदांची होती. मग मी प्रोग्रॅममध्ये एक फिल्टर लिहिला. नॉब एका दिशेने फिरत असताना एकदम उलटा खटका आला तर तो खोटा समजायचा आणि सोडून द्यायचा. किती वेळ सोडायचा? चार मिलिसेकंद पुरले असते. मी दीडशे लिहिले. घट्ट शिवण्यापेक्षा सैल शिवलेलं बरं, असा हिशेब केला.

माझ्या हातात आकडा आता मुंगीच्या चालीने, एकेक घर, न चुकता चालायला लागला. गुरुवारी संध्याकाळी मामा सीटवर बसला.

"आठशे पन्नास," मी म्हटलं.

त्याने लावले.

"तीनशे पंचवीस."

आकडा उतरत गेला, तीनशे पंचवीसच्याही खाली गेला आणि तिथे अडकला. मामा नॉब फिरवत होता, आकडा हलत नव्हता. मग एकदम हलला आणि सरळ वर निघून गेला. मामाने मागे फिरवलं. पुन्हा अडकला. पुन्हा उडी. तीनशे पंचवीसच्या आजूबाजूला तो आकडा असा नाचत होता की मला त्याच्याकडे बघवेना.

मामी दारात उभी होती. "पायलटसाहेब, विमान उतरवताय की सोडत काढताय?"

एरवी मामाने उत्तर दिलं असतं. त्याने हात नॉबवरून काढून मांडीवर ठेवला आणि न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा त्या हाताकडे बघत बसला.

"नॉब खराब असेल," मी म्हटलं.

"तुझ्या हातात चालला ना?"

"चालला."

"मग?"

त्या 'मग'चा अर्थ आम्हा तिघांनाही माहीत होता. तीन आठवड्यांपूर्वी मामाच्या वर्कशॉपमध्ये साठ शाफ्टची एक ऑर्डर होती. मामानेच केली. त्यातले अकरा शाफ्ट मापाबाहेर निघाले. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. टूल तपासलं, मशीन तपासलं, लोखंड तपासलं, कशातच काही सापडलं नाही. तेव्हा फोरमन म्हणाला, "मग हातच राहिला." मामाला तात्पुरतं स्टोअरच्या खिडकीवर हत्यारं द्यायला बसवलं. येत्या सोमवारी त्याला ठरवून सांगायचं होतं: लेथवर पाच तुकडे करून दाखवायचे, पाचही मापात आले तर लेथ परत, किंवा काही न दाखवताच स्टोअरच्या कागदावर सही करून निवृत्त होईपर्यंत तिथेच. एकही तुकडा चुकला तर तोच कागद, पण मग सगळ्यांच्या देखत.

"करून दाखवायला मी काय सर्कशीत आहे?" असं तो म्हणाला होता. पण त्याला भीती कशाची आहे ते मामीला कळलं होतं आणि मलाही. हात खरंच थरथरतो की काय, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. कपात चहा ओतताना थरथरत नव्हता. सही करताना नव्हता. पण तो म्हणायचा, शतांश मिलीमीटरची थरथर डोळ्यांना दिसतेच कुठे.

आणि आता माझा नॉब ती दाखवत होता.

शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही आणि मामाने रजा काढली. खराब काय आहे हे शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी नॉब बदलला. जास्तीचा एक आणलेला होता. फरक नाही. वायरी आखूड केल्या. फरक नाही. मामाच्या अंगातल्या स्थिर विजेचा काही संबंध असेल म्हणून त्याला रबरी हातमोजा घालायला लावला.

"आता ऑपरेशन करणार का माझं?" तो म्हणाला.

फरक नाही. सीट डुगडुगते म्हणून त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. फरक नाही. मग डाव्या हाताने लावायला सांगितलं. डाव्या हातातही आकडा तसाच नाचला.

"म्हणजे दोन्ही गेले," मामा म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "निदान जोडीने गेले."

दुपारी मी नीट चाचणी घेतली. आकडे चाळीस, आधीच कागदावर लिहिलेले. वीस वेळा पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा, वीस वेळा लहान, म्हणजे कोणाला सोपं-अवघड जायला नको. मी वाचणार, समोरच्याने लावायचा आणि बटण दाबायचं. वेळ कॉम्प्युटर मोजणार. आधी मी केलं. आकडे मीच लिहिलेले असल्यामुळे मला फायदा मिळू नये म्हणून मामीने वाचले. मग मामी बसली. तिने चष्मा लावला, पदर खोचला आणि चाळीसच्या चाळीस आकडे भाजी निवडावी तसे एकेक करून लावून टाकले. शेवटी मामा.

संपल्यावर तो म्हणाला, "सांग."

"अजून नीट बघितलं नाही."

"प्रोफेसर. आकडा सांग."

"सरासरी अकरा पूर्णांक आठ सेकंद."

"तुझी?"

"चार पूर्णांक एक."

"हिची?"

"चार पूर्णांक सहा."

"मग मीच उडवते विमान," मामी म्हणाली. आणि ती गॅस बंद करायचं निमित्त काढून आत गेली. गॅस पेटलेलाच नव्हता.

मामाने कॉम्प्युटरवरच्या नोंदी बघायला मागितल्या. कोणत्या क्षणी आकडा कुठे होता, याची रेघ मी काढली होती. माझी रेघ जिन्यासारखी होती. त्याची रेघ मांजराने दोऱ्याचं रीळ ओढून न्यावं तशी. तो ती बराच वेळ बघत होता.

"हे यंत्र खोटं बोलेल का गं?"

"यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण त्याला काय विचारलं ते..."

"नाही बोलत ना? झालं तर मग." आणि त्याने स्वतःच खोलीतला दिवा मालवला, बाहेर उजेड असताना.

मी घरी गेले. मामाचा हात थरथरतो, असं एका वाक्यात सांगता येईल असं काही मी शोधलं होतं, आणि ते मला नको होतं. ते नको आहे म्हणून मी त्याच्यावर शंका घेत होते की शंका घ्यायला खरंच जागा होती, हे मला कळत नव्हतं. मोजणाऱ्याने काय हवं आहे हे आधी ठरवू नये, असंही पहिल्या वर्षीच शिकवतात. ते कसं करायचं हे शिकवत नाहीत.

शनिवारी सकाळी मी मामाच्या वेळांचा तक्ता पुन्हा उघडला आणि निरनिराळ्या पद्धतींनी लावून पाहिला. सुरुवातीचे आणि शेवटचे, म्हणजे दमला का ते कळेल. फरक नाही. जवळचे आणि लांबचे. थोडा फरक. मग मोठ्या आकड्याकडे जाताना आणि लहान आकड्याकडे येताना, असे दोन ढीग केले.

वर जाताना सरासरी चार पूर्णांक तीन सेकंद. खाली येताना एकोणीस पूर्णांक तीन.

मी बेरीज तपासली. बरोबर होती. वर जाताना मामा मामीपेक्षाही वेगवान होता. सगळा नाच फक्त खाली येताना.

आता मला जास्तच काही कळेना. थरथरणाऱ्या हाताला कोणता आकडा मोठा आणि कोणता लहान हे कसं ठाऊक असणार? एक शक्यता होती: खाली यायला नॉब डावीकडे फिरवायचा असतो, आणि मनगट डावीकडे वळताना वेगळे स्नायू लागतात. ते स्नायू कमजोर असतील. पण तसं असतं तर डाव्या हाताचं उलटं व्हायला हवं होतं, कारण डावं मनगट आरशातलं. डाव्या हाताने आम्ही थोडेच आकडे लावले होते, पण त्यांचंही तेच. खाली येतानाच नाच.

माझ्या हातात नाही. मामीच्या हातात नाही. मामाच्या दोन्ही हातांत, आणि फक्त उतरताना. असा कुठलाच आजार मला सुचेना, आणि असा कुठलाच बिघाडही.

वर्कशॉप शनिवारी एकपर्यंत असतं. मी मामाला काहीतरी विचारायला निघाले. काय विचारायचं ते वाटेत ठरवू म्हटलं. वाटेत ठरलं नाही. टायरवाल्याचं दुकान गेलं, कुलूप दुरुस्तीची टपरी गेली, पत्र्याच्या शेडांची रांग सुरू झाली, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला, तरी माझ्याकडे प्रश्न नव्हता.

स्टोअरच्या खिडकीला तारेची जाळी आहे. जाळीमागे मामा बसला होता आणि कामगारांचे पितळी बिल्ले तारण ठेवून घेऊन त्यांना ड्रिल देत होता. तीन आठवड्यांत त्याने सगळे ड्रिल जाडीप्रमाणे लावून टाकले होते. समोर दोन माणसं होती म्हणून त्याने मला हातानेच थांब म्हटलं.

मी शेडमध्ये उभी राहिले. मामाच्या लेथवर कापड टाकलेलं होतं. शेजारच्या लेथवर चाळिशीचा एक उंच टर्नर काम करत होता. त्याला सगळे लांब्या म्हणतात. तो मला ओळखतो.

"बघा, बघा," तो म्हणाला. "फुकट आहे."

मी बघायला लागले. लेथला एक छोटं चाक असतं, त्यावर रेघा असतात. ते फिरवलं की लोखंड कापणारं टूल पुढेमागे सरकतं, एका रेघेला शतांश मिलीमीटर. लांब्याला टूल थोडं मागे आणायचं होतं. त्याने चाक उलटं फिरवलं, हव्या त्या रेघेवर आणलं आणि तिथे न थांबता आणखी अर्धा फेरा मागे नेलं. मग लगेच, हाताची पकडही न बदलता, पुढे फिरवून रेघेवर आणून थांबवलं. मागे आणि पुढे मिळून एकच हालचाल होती, दार ढकलून आत शिरावं तशी.

मी म्हटलं, "तुम्ही रेघ ओलांडून मागे का गेलात?"

"कधी?"

"आत्ता. रेघेवर आला होतात, तरी मागे गेलात आणि परत आलात."

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "अच्छा, ते? ते प्ले काढायला. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी मोकळी जागा असते. उलटं फिरवलं की आधी ती जागा भरते, टूल हलतच नाही, आणि रेघ मात्र सरकते. म्हणून मागे यायचं तर जास्तीचं मागे जायचं आणि पुढून यायचं. नेहमी पुढूनच यायचं."

"आणि पुढे जायचं असेल तर?"

"तर थेट. प्ले काढलेलाच असतो ना." तो हसला. "हे तुमच्या मामांनीच शिकवलं मला. नाही केलं तर बोटांवर पट्टी मारायचे. आता तर घरी पाण्याचा नळही मी तसाच बंद करतो, बायको ओरडते."

मी तिथेच, लेथच्या कडेला, पिशवीतली वही काढली. एकशे पन्नास मिलिसेकंद. उलटा आलेला खटका सोडून द्यायचा. आणि सोडलेल्या प्रत्येक खटक्याबरोबर ते एकशे पन्नास पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील, असंही मीच लिहिलं होतं. म्हणजे कोणी न थांबता दिशा बदलली आणि भरभर फिरवत राहिलं, तर ते सगळेच खटके खोटे. हात सावकाश झाला की मगच आकडा हलणार. मी आणि मामी चुकलो की थांबायचो, आकडा बघायचो, मग वळायचो. थांबण्यात फिल्टरची मुदत संपून जायची.

आणि मी काढलेली ती मांजराची रेघ? ती फिल्टरमधून गाळून आलेल्या आकड्यांची होती. मामाच्या हाताने काय केलं ते मी मोजलंच नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमने त्यातलं काय ठेवलं ते मोजलं होतं.

मी जाळीपाशी गेले. "मामा, नॉब खाली आणताना तू काय करतोस?"

"काय करतो म्हणजे? फिरवतो."

"थेट त्या आकड्यावर?"

"थेट नाही तर काय, प्रदक्षिणा घालून?"

"आकडा ओलांडून खाली जाऊन परत वर येत नाहीस?"

"नॉबला प्ले आहे का? मग कशाला येईन?" तो खरं बोलत होता. मागे लांब्या मशीनच्या आवाजात काहीतरी ओरडला आणि दोघं-तिघं हसले. मामाने माझ्याकडे जरा रागाने बघितलं. "तू इथे हे विचारायला आलीस?"

"उद्या सकाळी येते," मी म्हटलं.

रविवारी मी नॉबचे खटके फिल्टरच्या आधीच टिपायची सोय केली आणि चाळीस आकड्यांची चाचणी पुन्हा घेतली. फिल्टर तसाच ठेवला. आकडा पुन्हा नाचला, मामाचं तोंड पुन्हा उतरलं. पण या वेळी माझ्याकडे हाताची नोंद होती. वर जाताना प्रत्येक वेळी सरळ. खाली येताना, वीसच्या वीस वेळा, आकडा ओलांडून खाली आणि लगेच वर. खटक्यांमधलं अंतर सुमारे सत्तर मिलिसेकंद. किती खटके ओलांडून, तेही मोजलं: अठरा वेळा सहा, एकदा पाच, एकदा सात. नॉबच्या पूर्ण फेऱ्यात चोवीस खटके आहेत. सहा म्हणजे बरोबर पाव फेरा.

मी ते मामाला दाखवलं. त्याने विश्वास ठेवला नाही. मग मी त्याला फक्त हाताकडे बघायला सांगितलं, डिस्प्लेवर रुमाल टाकला आणि म्हटलं, "बारा खटके खाली."

हात खाली गेला, थांबला नाही, पाव फेरा आणखी गेला आणि परत आला.

"हे मी केलं?" मामा म्हणाला.

मामी म्हणाली, "तुम्ही खुर्चीसुद्धा अशीच सरकवता. आधी मागे, मग पुढे. पंचवीस वर्षं बघतेय."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुमच्याकडे सगळे तसंच करतात."

मी फिल्टरमधले दीडशे खोडून पाच लिहिले. चाचणी तिसऱ्यांदा. वर जाताना चार पूर्णांक तीन. खाली येताना पाच पूर्णांक एक. जास्तीचे खटके फिरवायला तेवढा वेळ लागणारच. आकडा एकदाही नाचला नाही. मामी टाळ्या वाजवून "उतरलं, उतरलं" म्हणाली.

इथे थांबता आलं असतं. पण हाताची नोंद आता मिळतच होती, म्हणून मी ती सगळी बघितली. मामा आकडा लावून झाल्यावर, बोटं नॉबवर असताना, बटण दाबायच्या आधी, चाळीसपैकी तीन वेळा एक खटका पुढे आणि लगेच मागे झाला होता. मी माझी आणि मामीची चाचणीही तशीच घेतली. माझ्याकडे असा खटका एकदाही नव्हता. मामीकडे एकदा होता.

तीन, शून्य, एक. याचा अर्थ मला लागला नाही. तीन आणि एक यांतला फरक चाळीस वेळांत नुसता योगायोगानेही पडू शकतो. पडू शकतो म्हणजे पडलाच आहे असं नाही.

मी हे त्याला सांगावं की नाही, हे ठरवायला मला पूर्ण एक कप चहा लागला. मग सांगितलं.

मामा ऐकून घेत होता. "म्हणजे थरथरतो?"

"माहीत नाही. या नॉबने ते कळणार नाही. हा एका वेळी पंधरा अंश फिरतो. तू शतांशाचं विचारतोयस."

"पण तो नाच..."

"तो नाच माझ्या फिल्टरचा होता. पूर्णपणे माझा."

"आणि ते अकरा शाफ्ट?"

मी वही मिटली.

"तिथे फिल्टर नव्हता गं," मामा म्हणाला. "तिथे मीच होतो."

"हो."

"तीनचं सांगितलंस ते बरं केलंस." तो उठला आणि त्याने पॅनेल आपल्या जागी बसवायला घेतलं. आठ स्क्रू आवळले. प्रत्येक स्क्रू आधी जरासा उलटा फिरवून, खाच बसल्याचं बोटांना कळलं की मग सुलटा. नववा त्याने शर्टाच्या खिशात टाकला.

मग त्याने एकच छोटं उड्डाण केलं. टॉवरवरच्या कोणा अनोळखी बाईने त्याला सहाशे पंचाहत्तरवरून दोनशेवर यायला सांगितलं. हात खाली गेला, पाव फेरा ओलांडला, परत आला. मामाने बटण दाबलं आणि तिला आपला विमान क्रमांक सांगितला. ती म्हणाली, आवाज स्वच्छ येतोय.

"उद्याचं काय ठरवलंत?" मामीने दारातूनच विचारलं.

"उद्याचं उद्या," मामा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "आधी मला हे खाली उतरवू दे."

सोमवारी मी प्रयोगशाळेत होते. अकरा चाळीसला फोन वाजला. मागे मशीनचा आवाज होता, नंतर तो कमी झाला, कोणीतरी मुद्दाम बंद केल्यासारखा.

"कागद आहे का?" मामा.

"आहे."

"पाच तुकडे झाले. मायक्रोमीटर फोरमनच्याच हातात आहे. तो वाचतोय, मी सांगतो, तू लिही. माप चाळीस मिलीमीटर. सूट दोन शतांशांपर्यंत, वर किंवा खाली."

"लिहिलं."

मागून फोरमनचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मामा एकेक आकडा सांगत गेला, मी लिहीत गेले.

४०.००
४०.०१
४०.००
४०.०२
३९.९९